अकरा वेळा टक्

तीर्थरूप ताईस,

तुझ्या दोन भावांपैकी ज्याला अजून पत्र लिहायची सवय उरली आहे, त्याचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? जिने चढू नकोस असं तुला सांगून उपयोग नाही हे ठाऊक आहे, तरी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला बोल नको. दाजींची तब्येत काय म्हणते? कानात यंत्र बसवल्यापासून ते तुझं बोलणं ऐकून घेतात, की तू स्वयंपाकघरातून बोलायला लागलीस की यंत्र काढून खिशात ठेवतात? (मी ठेवलं असतं.) इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे मी क्षेम आहे. दुसऱ्याचं क्षेम मला माहीत नाही, कारण तुझ्या धाकट्या भावाशी माझं बोलणं गेले नऊ आठवडे बंद होतं. तू फोन केलास तेव्हा "सगळं छान" असं आम्ही दोघांनीही सांगितलं, ते खोटं होतं. (ते आम्ही एकमेकांना न विचारता सांगितलं, म्हणजे खोटं बोलण्यात तरी आमचं अजून एकमत आहे.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "अरे, त्याचंही काही म्हणणं असेल" म्हणतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. म्हणून पत्र.

आपल्या गाण्याच्या बाई तुला आठवतातच. तू बाकावर पट्टीने ताल धरायचीस आणि आम्ही दोघं तुझ्या दोन बाजूंना उभे राहून गायचो, त्या बाई. आता एक्क्याऐंशीच्या आहेत, पाठ ताठ, आवाज थोडा थरथरतो, धाक तेवढाच. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना जमवून पंधरा जणांचं एक गायनमंडळ केलं आहे. विद्यार्थी म्हणजे काय, सगळे निवृत्त. त्यात पोस्टमास्तर आहेत, नर्स आहेत, दोन बँकवाले आहेत, आणि एक न्यायाधीश आहेत जे बाईंनी "चूक" म्हटलं की अजून कान धरतात. बाई आता कायमच्या मुलाकडे, दूरदेशी चालल्या आहेत. जाण्याआधी मंडळाची तीन गाणी आपल्या स्टुडिओत रेकॉर्ड करून हवीत, असं त्यांनी येऊन सांगितलं. मी म्हटलं, आनंदाने. मग त्या म्हणाल्या, प्रत्येकाला वेगळा माइक हवा, मी धरून सोळा. आता समूहगानाला चांगले दोन माइक पुरतात, हे मी सव्वीस वर्षं करतो आहे. पण बाईंसमोर मी अजून चौथीत असतो. मी एवढंच म्हटलं की आपल्याकडे आठच माइकची सोय आहे.

इथे तुझा लाडका बोलला. मागे उभा होता. मला वाटलं चहा घेऊन आलाय. तो म्हणाला, "दादाचा डबा जुना झालाय, आठाच्या वर त्याला झेपत नाही. मी दुसरा आणतो." पंधरा माणसं, बाई, आणि दाराशी उभा असलेला पाणीवाला, एवढ्यांसमोर.

डबा म्हणजे काय ते तुला सांगतो. (मागे आलीस तेव्हा ज्याच्यावर तू चहाचा कप ठेवलास आणि मी ओरडलो, तो डबा.) आमच्या धंद्यात त्याला इंटरफेस म्हणतात. पुढच्या बाजूला माइकच्या तारा जातात, मागून एक तार कॉम्प्युटरला जाते. गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणं हे त्याचं काम. माझ्या डब्याला आठ तोंडं आहेत आणि गेली अकरा वर्षं त्याने एकदाही तक्रार केलेली नाही, जे या घराण्यातल्या दुसऱ्या कोणाबद्दल मला म्हणता येणार नाही. त्याला जुना म्हणणं म्हणजे कोणाला जुनं म्हणणं, हे मला कळलं नाही असं धाकट्याला वाटलं असेल तर तो भ्रम आहे. मी तिथल्या तिथे म्हटलं की काही माणसं जेवढी चमकतात तेवढी वाजत नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणून काम बंद ठेवता येत नाही. मी सकाळी बसतो, तो दुपारी बसतो, आणि मधला निरोप टेबलावरच्या वहीत. ही वही तू एकदा वाचायला हवीस. सुरुवात मी केली, आणि ती सभ्य केली. "संबंधितांस कळविण्यात येते की, दाराची घंटा वाजत नाही. दुरुस्त करून घ्यावी." खाली त्याचं उत्तर, "घंटा वाजते." मी लिहिलं, "वाजत असती तर कळविले नसते." यावर माणूस काय करेल? इलेक्ट्रिशियन बोलावेल. यांनी घंटेच्या तारेला एक लाल दिवा जोडला आणि तो माझ्या खुर्चीसमोर भिंतीवर ठोकला. कोणी बटण दाबलं की माझ्या नाकासमोर दिवा पेटतो. घंटा तशीच, मुकी. (खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरचं मात्र कौतुक. त्याच्या मशीनची किरकिर जमिनीतून वर यायची, ती हल्ली बंद झाली आहे. मी जिन्यात भेटून त्याचे आभार मानले. तो गोंधळून बघत राहिला. विनय असावा.)

असो. सहा आठवड्यांनी नवा डबा आला. चकचकीत, आठ तोंडांचा, आणि पुढे प्रत्येक तोंडाला दिव्यांची बोटभर उभी पट्टी. आवाज चढला की दिवे चढतात, उतरला की उतरतात. मी वहीत लिहिलं की स्टुडिओत आवाज कानांनी ऐकण्याची प्रथा आहे. उत्तर आलं नाही. दोन डबे मिळून सोळा तोंडं. दोघांच्या मधे दोन बारीक तारा, एक इकडून तिकडे जाणारी, एक तिकडून इकडे. मग नव्याने जुन्याला जे ऐकलं ते सांगायचं, जुन्याने सगळं कॉम्प्युटरला. जोडणी धाकट्यानेच केली, दुपारी, माझ्या पश्चात.

पुढच्या शनिवारी पहिली चाचणी. मोठ्या खोलीत पंधरा जण, बाई कोपऱ्यातल्या काचेच्या छोट्या खोलीत. (तिथे आपण एरवी ढोलकवाल्याला बसवतो. बाईंनीच ती जागा मागितली. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.) काचेच्या अलीकडे आम्ही दोघं, एकमेकांकडे न बघता. गाणी छान झाली. मी हेडफोन लावून दोनदा ऐकलं, स्वच्छ. तशीच प्रत बाईंना पाठवली. सोमवारी बाईंचा कागद आला. रेघा मारलेला कागद, लाल शाई, आणि त्यावर क्रमाने, पहिल्या गाण्यात चार, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात पाच ठिकाणी "टक्" असा आवाज येतो, कोणत्या ओळीत, कोणत्या शब्दावर, तेही. एकूण अकरा. खाली सही, आणि सवयीने असेल, दहापैकी सहा गुण.

मला सहा गुण. मी पुन्हा कान लावून बसलो. आवाज वाढवला, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. एक टक् नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या कानांना काय ऐकू येईल सांगता येत नाही, असं मी मनाशी म्हटलं. पण दुपारी धाकट्याने ऐकलं आणि वहीत लिहिलं, "अकराही टक् बरोबर आहेत." आता बाईंना मी काही म्हणू शकत नाही, पण हा? हा लहानपणापासून बाईंचा पुढे पुढे करणारा. बाईंनी पावसात ऊन पडलंय म्हटलं तर हा टोपी घालील.

तरी मी समंजसपणा दाखवला. टक् आहे असं धरून चालू. पण असलाच तर तो माणसांमधून येत असणार, डब्यातून नव्हे, हे मी वहीत स्पष्ट केलं. आणि दुसऱ्या चाचणीला शोध घेतला. तो शोध मी अजून विसरलेलो नाही आणि मंडळीही विसरली नसतील. आधी सगळ्यांची मनगटी घड्याळं काढून घेतली. बारा निघाली. (एकाने दोन घातली होती. एक मुलाच्या गावच्या वेळेचं.) ती टॉवेलात गुंडाळून जिन्यात नेऊन ठेवली. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. बांगड्या उतरवल्या. न्यायाधीशांच्या खिशातलं खटक्याचं पेन जप्त केलं. नर्सबाईंचे गुडघे वाजतात म्हणून त्यांना बसून गायला लावलं, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की इंजेक्शन हातात असतं तर दिलं असतं. तरी शंका नको म्हणून पोस्टमास्तरांना, अतिशय नम्रपणे, कवळी काढायची विनंती केली. ते भले गृहस्थ, त्यांनी काढली, रुमालात ठेवली आणि गायला उभे राहिले. शब्द सगळे गेले, नुसता सूर राहिला. बाई काचेआडून म्हणाल्या की सूर मात्र सुधारला. हे सगळं चालू असताना तुझा लाडका तोंडावर हात धरून बसला होता. खोकला नव्हता तो.

सोमवारी बाईंचा कागद आला. चौदा टक्. दहापैकी पाच.

त्या दुपारी धाकट्याने वहीचं एक अख्खं पान भरलं, आकृतीसकट. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. डबा आवाजाचे सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार तुकडे करतो आणि ते मोजत जातो. मोजायला प्रत्येक डब्याच्या पोटात एक घड्याळ असतं. दोन डबे जोडले की दोन घड्याळं होतात, आणि दोन घड्याळं कितीही चांगली असली तरी तंतोतंत जुळत नाहीत. थोड्या वेळाने एकाचा आकडा पुढे जातो, एक तुकडा सांडतो, तो पडला की टक्. म्हणून एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने स्वतःचं मोजणं सोडून त्याच्या मोजणीवर चालायचं. प्रत्येक डब्यावर त्यासाठी एक खटका आहे. एका बाजूला "आपलं घड्याळ", दुसऱ्या बाजूला "बाहेरचं घड्याळ". आणि पानाच्या शेवटी, दोनदा अधोरेखित करून, "संबंधितांनी जुना डबा बाहेरच्या घड्याळावर लावावा."

म्हणजे मी पंधरा प्रतिष्ठित लोकांची घड्याळं काढून घेतली, आणि दोष शेवटी घड्याळाचाच निघाला, फक्त घड्याळ वेगळं. हे त्याने शब्दांत लिहिलं होतं, वर आकृती काढायची गरज नव्हती. आणि काय म्हणे, जुन्याने नव्याचं ऐकावं. का? अकरा वर्षं जो मोजत आलाय त्याने काल आलेल्याच्या मागे चालायचं? मी खाली लिहिलं की जुना डबा आपल्याच घड्याळावर राहील, नव्याला बाहेरच्यावर लावावं, रीतभात म्हणून काही असते. त्याने लिहिलं की नव्या डब्याचं घड्याळ जास्त पक्कं आहे, तसं पुस्तकात दिलंय. मी लिहिलं की पुस्तक नव्या डब्याबरोबरच आलंय, ते दुसरं काय म्हणणार. मग सुरू झालं. मी सकाळी जाऊन माझ्या डब्याचा खटका "आपलं" वर करायचो. तो दुपारी येऊन माझा "बाहेरचं" आणि स्वतःचा "आपलं" करून जायचा. दुसऱ्या दिवशी मी माझा परत "आपलं". त्याच्या डब्याला मी हात लावत नव्हतो, ते माझ्या संस्कारात नाही. त्यामुळे सकाळ झाली की दोन्ही डबे आपापल्या घड्याळावर, दोन्हींचे हिरवे दिवे शांत, दोघंही आपापल्या जागी बरोबर. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात ते हेच.

तिसरा शनिवार शेवटचा होता, कारण पुढच्या बुधवारी बाई निघणार. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी माझ्यासमोरचा लाल दिवा लागला. दार उघडलं तर बाई. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढून आल्या होत्या. पाणी प्यायल्या, दम खाल्ला, आणि मला वाटलं आता गुण आणखी कमी होणार. त्या म्हणाल्या, "तुला एक काम नीट सांगितलं नव्हतं. सगळे आवाज वेगळे घ्यायला सांगितले ना, ते मला माझा काढून टाकायचा आहे म्हणून."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तिकडे मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नातवंडं शाळेत, शेजाऱ्यांची भाषा वेगळी. गाणं म्हणायला बरोबर कोणी नाही. म्हणून ही तीन गाणी न्यायची, त्यात पंधरा जण असावेत आणि बाईंची जागा मोकळी असावी, म्हणजे सकाळी सगळे घराबाहेर पडले की ते लावायचं आणि त्या मोकळ्या जागेत उभं राहून गायचं. "माझा आवाज तिथे नको," म्हणाल्या, "तो माझ्याबरोबर येतोच आहे." मग त्या टक् विषयी बोलल्या. ऐकायला हरकत नाही, पण त्यावर गाता येत नाही, दर वेळी दचकायला होतं, आणि दचकलं की आठवतं की खोलीत कोणी नाही.

ताई, त्या गेल्यावर मी वहीतली खटक्यांची पानं पुन्हा वाचली. लाज वाटली, सरळ सांगतो. बाईंना एकटीने गाताना दचकायला लावायचं, आणि कशासाठी, तर माझा डबा आधी आला होता म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी, धाकटा काम आटपून गेल्यावर, मी मुद्दाम परत गेलो आणि माझ्या डब्याचा खटका, जो त्या दिवशी त्याने फिरवलाच नव्हता, "बाहेरचं घड्याळ" वर केला. वहीत काही लिहिलं नाही. उपकार करून दवंडी पिटणारा मी नव्हे.

शनिवारी सकाळी सगळे जमले. बाई काचेच्या खोलीत गेल्या. (घड्याळं घालूनच या, असा निरोप मी स्वतः प्रत्येकाला दिला होता. पोस्टमास्तर तरी कवळी खिशात घेऊन आले.) मी डब्यांकडे बघितलं. दोन्हींचे हिरवे दिवे लुकलुकत होते. आजवर हे झालं नव्हतं. कॉम्प्युटर रेकॉर्डिंग सुरूच करून घेईना. सुरू केलं की थांबे. मी तारा काढल्या, लावल्या, बंद करून चालू केलं. धाकटा टेबलाखाली शिरला आणि तिथून तारा काढू लावू लागला. पंधरा माणसं उभी, बाई उभ्या, आणि दिवे लुकलुकतायत. मला वाटलं, संपलं, बाई बुधवारी हात हलवत जाणार आणि याला कारण हा चकचकीत डबा. मी नऊ आठवड्यांचं मौन सोडून म्हटलं, "काय करून ठेवलंस?"

टेबलाखालून आवाज आला, "काही नाही रे दादा. आज पहाटेच येऊन माझा डबा बाहेरच्या घड्याळावर लावला. तुझा पुढे राहू दे म्हटलं."

आता काय झालं ते ओळख. बाई गुरुवारी दुपारी त्यालाही भेटल्या होत्या. माझ्याकडून उतरून मधे दाताच्या डॉक्टरच्या बाकावर बसून राहिल्या, आणि दुपारी पुन्हा वर चढल्या. दोन डबे, दोघंही मोजायचं सोडून दुसऱ्याच्या मोजणीची वाट बघत. भांडत होते तेव्हा निदान टक् तरी येत होता, शहाणे झाले तर काहीच येईना. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. पण मी म्हटलं, तुझाच पुढे राहू दे, त्याचं घड्याळ पक्कं आहे. तो म्हणाला नाही, तुझा आधीचा आहे. मी म्हटलं पुस्तकात दिलंय. तो म्हणाला पुस्तकाला काय कळतं. मी खटका एकीकडे करतोय, तो दुसरीकडे, दिवे शांत होतायत आणि पुन्हा लुकलुकतायत, आणि बोलण्याचा माइक चालू असल्यामुळे हे सगळं मोठ्या खोलीत पंधरा जण ऐकतायत. न्यायाधीशांनी खुर्ची ओढून घेतली.

शेवटी काचेआडून बाई बोलल्या. त्या म्हणाल्या की वर्गात एक-दोन-तीन कोणीतरी एकच म्हणतं, आणि कोण म्हणतं याने गाण्याला काही फरक पडत नाही, फक्त दोघांनी म्हणू नये आणि दोघांनी गप्प बसू नये. "तुमच्या ताईने पट्टी धरली की तुम्ही दोघं बरे गायचात," असंही म्हणाल्या. मग मी माझा खटका "बाहेरचं" वर केला, हात पाठीमागे बांधले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, म्हणजे पुन्हा उदारपणाची उबळ यायला नको. धाकट्याने आपला डबा "आपलं" वर केला. दिवे थांबले.

तिन्ही गाणी एका दमात झाली, आणि अशी झाली की शेवटचं संपल्यावर थोडा वेळ कोणी हललं नाही. नर्सबाईंचे गुडघेसुद्धा. मी हेडफोन काढले आणि धाकट्याला विचारलं, टक् आला का? तो म्हणाला, नाही दादा, एकही नाही. मी म्हटलं, मलाही नाही आला. त्यावर तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, ते मला आवडलं नाही. सोमवारी बाईंचा कागद आला. दहापैकी साडेनऊ. अर्धा गुण पोस्टमास्तरांनी घालवला म्हणे.

तेव्हा ताई, दोष कोणाचा हे तू आता ठरव. मी फक्त घडलं ते लिहिलं, माझ्या बाजूने काही रंगवलं नाही. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या कंबरेला सबुरीने घ्यायला सांग. लोभ आहेच, तो पुढेही राहू दे.

तुझा,
मोठा असूनही नमतं घेतलेला भाऊ

ता. क. बाईंना दिलेल्या प्रतीत पंधरा आवाज आहेत. सोळावा आम्ही पुसलेला नाही, वेगळा जपून ठेवला आहे. नुसता त्यांचा एकटीचा आवाज लावला की मधे मधे त्या आमच्यापैकी कोणाचा तरी सूर सावरतायत असं वाटतं.

ता. क. दुसरा. दाजींच्या कानाचे जे डॉक्टर आहेत, त्यांची एक वेळ घेऊन ठेव. धाकट्यासाठी. नसलेले आवाज ऐकू येणं बरं नव्हे.

ता. क. तिसरा. वरचं खोडायचं होतं, पण शाईने लिहिलं गेलं, आणि खाडाखोड बाईंना चालत नसे. वेळ माझ्या नावाने घे. काल सकाळी मी धाकट्याला पहिली चाचणी पुन्हा लावायला सांगितली आणि म्हटलं, जिथे टक् येईल तिथे हात वर कर. त्याने अकरा वेळा हात वर केला. मी अकराही वेळा हात पाहिला, ताई. बाकी काही आलं नाही. नंतर मी दाराबाहेर जाऊन घंटेचं बटण दाबलं. उघड्या दारातून दिसलं, तो आत कानांवर हात ठेवून उभा होता. याबद्दल त्याला काही कळवू नकोस, तो लहान आहे, धसका घेईल.

ता. क. चौथा. पत्र पोस्टात टाकायला धाकट्याकडे द्यावं लागलं, आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. त्यामुळे आता कळलं ते असं. वेळ घ्यायची गरज नाही. ती नऊ आठवड्यांपूर्वीच घेतलेली आहे, माझ्या नावाने, आणि तूच घेऊन दिलीस. बोलणं बंद असल्यामुळे मला सांगायचं कसं, म्हणून तुम्ही दोघं ती दर आठवड्याला पुढे ढकलत होतात. म्हणजे फोनवर "सगळं छान" म्हणणारे आपण तिघं होतो. हे त्याने वहीत का लिहिलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, हे वहीत लिहायचं नसतं. येत्या गुरुवारी येतोय, दोघंही. गाडी तो चालवेल, रस्ता मी सांगेन.